न दिसणाऱ्या दुखण्याची साक्ष

मराठी भाषेने पोटावर फार मोठा भार टाकला आहे. दुसऱ्याचा अपराध आपण पोटात घालतो, गुपित पोटात ठेवतो, भीतीने आपल्या पोटात गोळा येतो आणि एखादा विषय जिव्हाळ्याचा असला की त्याविषयी पोटतिडिकेने बोलतो. क्षमा, भय, माया, कळकळ या सर्वांचे घर आपल्या पूर्वजांनी पोटातच बांधले. मात्र याच भाषेने पोटदुखीवर थोडा अन्यायही केला आहे. ज्याला दुसऱ्याचे बरे पाहवत नाही त्याच्या ‘पोटात दुखते’. त्याला ‘पोटशूळ उठतो’. शाळा चुकवू पाहणाऱ्या मुलाचे पहिले निमित्त पोटदुखीचेच. डोके दुखते म्हणणाऱ्याला आपण तत्परतेने बाम आणून देतो. वारंवार पोट दुखते म्हणणाऱ्याकडे मात्र दोन-चार वेळांनंतर जरा निरखून पाहू लागतो.

ज्याचे जळते त्याला कळते, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती बहुधा सहानुभूतीने उच्चारली जाते. पण तिच्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. जळणे ज्याचे त्यालाच कळत असेल, तर इतरांनी काय करायचे? दुसऱ्याची जखम आपल्याला दिसते, त्याचा ताप हाताला लागतो, त्याचे मोडलेले हाड क्ष-किरणांच्या चित्रात उमटते. वेदना मात्र अशी कोठे उमटत नाही. ती फक्त सांगितली जाते. एलेन स्कॅरी या अमेरिकन विदुषींनी १९८५ साली वेदनेवर लिहिलेल्या ग्रंथात ही विषमता नेमकी टिपली आहे. ज्याला दुखते आहे त्याला आपल्या दुखण्याविषयी तिळमात्र शंका नसते. आणि जो ते केवळ ऐकतो त्याच्या मनात शंकेला नेहमीच जागा असते. म्हणजे दुखणारा हा साक्षीदार, तोही एकटा. आणि ऐकणारे आपण नकळत न्यायाधीश होऊन बसतो. या एकट्या साक्षीदाराचे म्हणणे मानावे काय? कोणत्या पुराव्यानंतर मानावे? हा केवळ वैद्यकाचा प्रश्न नव्हे. तो घराघरातील नीतीचा प्रश्न आहे, आणि त्याच अंगाने त्याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

विचाराला आधार म्हणून एक अगदी सर्वसाधारण विकार घेऊ. डॉक्टर त्याला ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ किंवा थोडक्यात आय.बी.एस. म्हणतात, मराठीत त्याला ‘चिडखोर आतड्याचा विकार’ म्हटले तर फारसे चुकणार नाही. पोटात वरचेवर कळा येतात. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, कधी दोन्ही आलटूनपालटून. पोट फुगल्यासारखे वाटते. हा विकार ज्या कसोट्यांवर ओळखतात त्यांना ‘रोम कसोट्या’ असे नाव आहे. नाव वाचून आमच्या वाचकांचे कुतूहल जागे होईल; पण व्हॅटिकनचा त्यांच्याशी काही संबंध नाही. १९८८ साली रोम येथे भरलेल्या पोटविकारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपासून हे काम सुरू झाले, एवढेच. त्यांच्या २०१६ सालच्या चौथ्या आवृत्तीप्रमाणे, गेले तीन महिने सरासरीने आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखत असले पाहिजे. ते दुखणे शौचाची क्रिया, शौचाच्या वेळांतील बदल आणि शौचाच्या स्वरूपातील बदल यांपैकी निदान दोहोंशी निगडित असले पाहिजे. आणि त्रास सुरू होऊन सहा महिने उलटलेले असले पाहिजेत. अनेक देशांत केलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत या कडक कसोटीलाही शंभरांतील सुमारे चार प्रौढ माणसे उतरली. हेच प्रमाण धरले, तर रविवारच्या मिस्सेला पाचशे माणसे जमणाऱ्या धर्मग्रामात अशी वीसेक माणसे असू शकतात. कोणी मुद्दाम दाराजवळच्या बाकावर बसत असेल. कोणी लग्नाच्या जेवणाला काहीतरी कारण सांगून टाळत असेल. लोकलच्या डब्यात शौचालय नसते, म्हणून कोणी तासाभराचा प्रवास उपाशीपोटी करीत असेल.

या विकाराचे मोठे लक्षण हे की, तपासणीत काही सापडत नाही. रक्त ठीक, सोनोग्राफी ठीक, दुर्बिणीतून पाहिले तर आतडेही गुलाबी आणि निरोगी. डॉक्टर रिपोर्ट मिटून म्हणतात, “काही नाही.” हे दोन शब्द एकाच वेळी तीन ठिकाणी तीन निराळ्या अर्थांनी पोचतात. डॉक्टरांच्या मनात त्यांचा अर्थ असतो: कर्करोग नाही, व्रण नाही, भिण्याचे कारण नाही. घरच्या मंडळींना त्यांतून एक परवाना मिळतो: आता हिच्या तक्रारीकडे थोडे दुर्लक्ष केले तरी चालेल. आणि जिच्या पोटात त्या क्षणीही कळ येत असते, तिला ते शब्द निकालासारखे ऐकू येतात: तुझी साक्ष फेटाळली आहे. ती घरी येते, आणि पुढच्या वेळी दुखले तर सांगावे की नाही याचा विचार करू लागते. वेदनेत एकटेपणाची भर पडते ती येथे.

आता हे ‘काही नाही’ कितपत खरे आहे ते पाहू. इजा ओळखणारे विशिष्ट चेतातंतू आपल्या शरीरात असतात. विसाव्या शतकाच्या आरंभी चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञांनी त्यांना जे नाव दिले त्याला मराठीत ‘वेदनाग्राही’ असा शब्द वापरतात. त्वचेतील वेदनाग्राही सुई टोचली, चटका बसला की तत्काळ खबर देतात. आतड्याची तऱ्हा वेगळी. निरोगी आतड्याला कापले किंवा डागले तरी त्याची वेदना जाणवत नाही, हे शल्यचिकित्सकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पण तेच आतडे ताणले गेले, फुगले, त्याचा रक्तपुरवठा तुटला किंवा त्याला दाह झाला, तर वेदना असह्य होते. शिवाय आतड्यातील काही वेदनाग्राही एरवी मौन पाळून असतात आणि दाह झाल्यावरच जागे होतात. तेव्हा आतड्याची वेदना समजून घ्यायची तर जखम शोधून भागत नाही. ताण किती आणि त्या ताणाची खबर किती मोठ्याने दिली जाते, हे पाहावे लागते.

१९७३ साली जेम्स रिची या संशोधकांनी नेमके हेच पाहिले. या विकाराच्या रुग्णांच्या आणि इतर माणसांच्या मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात त्यांनी एक लहानसा फुगा ठेवला आणि तो हळूहळू फुगवला. फुग्यात ६० मिलिलिटर हवा भरली तेव्हा इतरांपैकी अगदी थोड्यांना दुखले. रुग्णांपैकी मात्र निम्म्याहून अधिक जणांना दुखले. फुगा तोच, हवा तेवढीच, वेदना निराळी. पुढे २०१७ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील संशोधकांनी एमआरआय यंत्राच्या साहाय्याने आणखी एक गोष्ट दाखवली. ज्यांच्यामुळे आतड्यात वायू धरतो अशी काही कर्बोदके त्यांनी रुग्णांना आणि निरोगी माणसांना दिली. दोन्ही गटांच्या आतड्यांत वायू सारखाच वाढला, आतडी सारखीच फुगली. त्रास मात्र रुग्णांनाच अधिक झाला. ‘गॅस सगळ्यांनाच होतो, हिचेच काय मोठे?’ हा घराघरांत ऐकू येणारा प्रश्न अर्धा बरोबर आहे. गॅस सगळ्यांनाच होतो. फरक गॅसमध्ये नाही, जाणवण्यात आहे. आणि जाणवणे हेच तर दुखणे.

जाणवण्यात हा फरक कोठून येतो? त्याची सगळी कारणे अजून उलगडलेली नाहीत; पण काही धागे हाती आले आहेत. मिरची हाताला लागली तर आग होते ती का, याचा शोध घेताना डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९७ साली चेतातंतूंवरील एक ग्राही रेणू सापडला. मिरचीतील तिखट द्रव्य आणि ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता या दोहोंना तो सारखाच प्रतिसाद देतो. या कामासाठी त्यांना २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. दाहामध्ये स्रवणाऱ्या रसायनांनी हा रेणू इतका हळवा होऊ शकतो की, शरीराची नेहमीची ऊबही त्याला पुरते. २००८ साली लंडनच्या संशोधकांनी आय.बी.एस.च्या रुग्णांच्या आतड्याचे सूक्ष्म नमुने तपासले, तेव्हा हा ‘मिरचीचा ग्राही’ धारण करणारे तंतू त्यांत सुमारे साडेतीन पट आढळले. त्याआधी २००४ साली इटलीतील संशोधकांनी दाखवले होते की, अशा रुग्णांच्या आतड्यात मास्ट पेशी, म्हणजे हिस्टामिनसारखी दाहक द्रव्ये सोडणाऱ्या पेशी, चेतातंतूंच्या अगदी लगत वसलेल्या असतात, आणि ही लगट जितकी अधिक तितके दुखणेही अधिक. साध्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून यांतले काहीही दिसत नाही. आतडे गुलाबी आणि निरोगीच दिसते.

एकदा चोर येऊन गेलेल्या घरातील कुत्र्याची कल्पना करावी. त्यानंतर ते पान हलले तरी भुंकते. अंगणात चोर नसतो हे खरे. पण कुत्रे सोंग करीत नसते आणि त्याचे भुंकणेही खोटे नसते. त्याच्या लेखी ती रात्र अजून संपलेली नसते. आतड्यांचेही काही वेळा असेच होते, याचा एक मोठा आणि दुःखद पुरावा कॅनडातून आला.

ऑन्टॅरिओ प्रांतात वॉकर्टन नावाचे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव आहे. २००० सालच्या मे महिन्यात तेथे मुसळधार पाऊस झाला आणि गुरांच्या शेणातील जंतू एका उथळ सार्वजनिक विहिरीत उतरले. पाण्यात क्लोरीन पुरेसे नव्हते. इतकेच नव्हे, तर नोंदवहीत क्लोरीनचे आकडे खोटे लिहिले जात होते. माणसे आजारी पडू लागल्यावर आरोग्य खात्याने विचारणा केली, तेव्हा पाणी ठीक आहे असेच सांगण्यात आले. सुमारे २,३०० माणसे आजारी पडली, ७ दगावली. कागद सांगत होता की पाणी शुद्ध आहे. पोटे सांगत होती की नाही. खरे कोण बोलत होते हे आज साऱ्या जगाला ठाऊक आहे.

पण आपल्या विषयाशी त्याहून अधिक संबंध आहे तो पुढच्या भागाचा. साथ ओसरली, पाणी स्वच्छ झाले, जंतू गेले. तरी अनेकांची पोटे दुखतच राहिली. डॉक्टरांच्या एका गटाने या गावाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. दोन-तीन वर्षांनंतर त्यांना असे आढळले की, त्या साथीत जे आजारी पडले नव्हते त्यांच्यापैकी १०.१ टक्के लोकांना आय.बी.एस.ची लक्षणे होती. ज्यांच्या आजाराला बाहेरचा पुरावा होता त्यांच्यात हे प्रमाण ३६.२ टक्के होते. या दोहोंच्या मध्ये तिसरा एक गट होता. ‘आम्हीही तेव्हा आजारी होतो’ असे सांगणारे, पण ज्यांच्यापाशी आपल्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नव्हता असे लोक. त्यांच्यात प्रमाण निघाले २७.५ टक्के. ही माणसे केवळ दुसऱ्यांचे पाहून बोलत असती, तर त्यांचा आकडा पहिल्या गटाजवळ राहिला असता. तो तसा राहिला नाही. एकंदरीत पाहता त्यांच्या शब्दात तथ्य होते. दिलासा एवढाच की, काळाबरोबर त्रास कमी होत गेला. साथीत आजारी पडलेल्यांपैकी आठ वर्षांनंतर तो १५.४ टक्क्यांना उरला होता.

इतके वाचल्यावर कोणी म्हणेल, “चला, म्हणजे विज्ञानाने दुखणे सिद्ध केले. आता आम्ही विश्वास ठेवू.” येथे आपण थोडे थांबले पाहिजे, कारण आमच्या मते या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. रिची यांनी तो फुगा फुगवला १९७३ साली. १९७२ साली ज्यांचे पोट दुखत होते त्यांचे दुखणे काय कमी खरे होते? लंडनच्या प्रयोगशाळेत तंतू मोजले गेले त्या दिवशी कोणाचेही दुखणे खोट्याचे खरे झाले नाही; ते आधीपासूनच खरे होते. आजही ज्या रुग्णाचे तंतू मोजले तर नेहमीइतकेच भरतील आणि मास्ट पेशी जागच्या जागी सापडतील, अशा रुग्णाला आपण काय सांगणार? तुझा पुरावा अजून लागायचा आहे, तोवर थांब? विश्वास जर पुराव्याच्या पाठोपाठच यायचा असेल, तर त्याला विश्वास तरी का म्हणावे? पुरावा मिळाल्यावर मानणे ही माहितीची नोंद झाली. दुखणाऱ्या माणसाचे आपल्यावर जे ऋण असते ते त्याआधीचे आहे. विज्ञानाने ते ऋण निर्माण केले नाही; ते आपण किती काळ थकवले होते, एवढेच त्याने दाखवून दिले.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारताना हीच भूमिका घेतली. वेदनाग्राहींची हालचाल म्हणजे वेदना नव्हे, ही दोन्ही वेगळी आहेत, असे तिने बजावले. आणि एखाद्या व्यक्तीने आपल्याला वेदना होते असे सांगितले तर त्या सांगण्याचा आदर राखला जावा, हे त्या व्याख्येच्या खुलाशातच नमूद केले. शास्त्रज्ञांच्या संघटनेने व्याख्येशेजारी आदराचा शब्द लिहावा, ही साधी गोष्ट नाही. वेदनेच्या ज्ञानाला सुरुवातच कोणाच्या तरी शब्दापासून करावी लागते, याची ती कबुली आहे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप असा की, लोक सोंगही करतात. करतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दोन चुकांची तुलना करून पाहू. सोंग करणाऱ्यावर आपण विश्वास ठेवला, तर आपले काय जाते? एक दिवसाची रजा, थोडी धावपळ, एखादी फसगत. आणि खरोखर दुखणाऱ्यावर विश्वास ठेवला नाही, तर त्याचे काय जाते? त्याचा धीर जातो, बोलण्याची इच्छा जाते, घरात असून घरचे माणूस नसल्याची भावना येते. आणि कधी तरी खरोखरच धोक्याचे लक्षण उद्भवले, तर ते सांगायलाही तो कचरतो. पहिल्या चुकीची किंमत आपण भरतो. दुसरीची किंमत भरतो तो, जो आधीच दुखण्याने पिचलेला असतो. आपली फसवणूक टळावी म्हणून दुसऱ्याला एकटे पाडण्याचा सौदा न्यायाचा म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे: “हे सगळे मनाचे आहे.” यातील निरीक्षण पुष्कळदा खरे असते. परीक्षा जवळ आली की पोट बिघडते, भांडण झाले की कळ येते. आतडे आणि मेंदू यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी वाहता रस्ता आहे. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडले की, वेदनेच्या खबरा मज्जारज्जूत जणू एका दारातून पुढे जातात आणि ते दार किती उघडावे यावर मेंदूचाही अंमल चालतो. भय आणि चिंता ते दार अधिक उघडतात. आश्वासन ते थोडे लोटून घेते. तेव्हा मनाचा संबंध आहे, हे मान्य. चूक होते ती पुढच्या पायरीवर: ‘मनाचे आहे’ म्हणजे ‘नाही’. लाजेने गाल लाल होतात, दुःखाने डोळ्यांत पाणी येते; म्हणून ती लाली आणि ते पाणी कोणी खोटे म्हणत नाही. मन हे शरीराबाहेर उभे राहून शरीराची नक्कल करणारे कोणी नव्हे. शिवाय ‘मनाचे आहे’ या वाक्यात बहुधा एक न बोललेला आरोप असतो: मनात आणले तर थांबवू शकशील. मिरचीची आग मनात आणून कोणाला थांबवता येते?

मन आणि आतडे यांच्या या नात्याचा एक आशादायक पुरावा २००८ साली अमेरिकेतील हार्वर्डच्या संशोधकांनी पुढे आणला. आय.बी.एस.च्या २६२ रुग्णांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला केवळ प्रतीक्षायादीत ठेवले. दुसऱ्या गटाला त्वचेत न शिरणाऱ्या सुयांनी ॲक्युपंक्चरचा नुसता आभास दिला आणि बोलणे कामापुरतेच ठेवले. तिसऱ्या गटाला उपचार तोच. पण उपचार करणाऱ्याने प्रथम पाऊण तास शांतपणे, आपुलकीने रुग्णाचे ऐकून घेतले. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम वाटला असे सांगणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात २८, दुसऱ्यात ४४ आणि तिसऱ्यात ६२ टक्के होते. सुया तर दोन्ही गटांत खोट्याच होत्या. खरे होते ते ऐकणे. यावरून दुखणे खोटे होते असा निष्कर्ष काढणे म्हणजे तहानलेल्याला पाणी मिळाल्यावर बरे वाटले म्हणून त्याची तहान खोटी ठरवण्यासारखे आहे. आपण लक्षपूर्वक ऐकतो तेव्हा दुखणाऱ्यावर केवळ उपकार करीत नाही. त्याच्या दुखण्याला खरोखरच हात घालतो, एवढाच निष्कर्ष त्यातून निघतो.

विश्वास ठेवणे म्हणजे काय नव्हे, तेही सांगितले पाहिजे. दुखण्यावर विश्वास ठेवणे म्हणजे दुखण्याच्या प्रत्येक स्पष्टीकरणावर विश्वास ठेवणे नव्हे. दुखते आहे, हे सांगण्याचा अधिकार दुखणाऱ्याचाच. ते कशाने दुखते, हे मात्र तपासाचे काम. पोटदुखीबरोबर वजन आपोआप घटत असेल, शौचावाटे रक्त जात असेल, अंगातले रक्त कमी झाले असेल, रात्रीची झोप मोडण्याइतका त्रास होत असेल, पन्नाशीनंतर प्रथमच हा त्रास सुरू झाला असेल किंवा घराण्यात आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर ‘हे आय.बी.एस.च असेल’ असे घरीच ठरवून बसू नये. योग्य तपासणी ही अविश्वासाची खूण नसून साक्ष गांभीर्याने घेतल्याची खूण आहे. उलट, निदान पक्के झाल्यावर त्याच त्या तपासण्या पुन्हा पुन्हा करीत राहणे आणि गावोगावच्या हमखास गुणकारी औषधांमागे धावणे, यांत पैसा जातो आणि आशाही झिजते. आहारात जाणत्या माणसाच्या सल्ल्याने केलेला बदल, लक्षणांनुसार औषध, मनाला विसावा देणारे उपचार यांनी अनेकांना उतार पडतो. पूर्ण बरे होण्याचे वचन मात्र कोणी देऊ नये.

आपल्यासारख्या श्रद्धावान कुटुंबांत आणखी एक मोह असतो, आणि तो सद्भावनेचाच वेष घेऊन येतो. ‘प्रभूला अर्पण कर,’ असे आपण दुखणाऱ्याला सांगतो. आपले दुःख अर्पण करणे ही आपल्या परंपरेतील फार खोल आणि सुंदर गोष्ट आहे. पण जे अर्पण करायचे ते आपले असावे लागते. दुसऱ्याचे दुखणे त्याच्या वतीने अर्पण करण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याने ते स्वतः केले, तर ती त्याची प्रार्थना होय. बाजूला उभे राहून आपण तसे सुचवले, तर पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच होतो की, आता हा विषय पुरे. ईयोबाच्या मित्रांची गोष्ट आपण सर्वांनी वाचली आहे. ते आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून एक शब्दही बोलले नाहीत. त्या पुस्तकात त्यांच्याकडून झालेली सर्वांत भली गोष्ट कदाचित तीच असावी. मग त्यांनी तोंड उघडले आणि त्याच्या दुःखाचे कारण त्याच्यातच शोधू लागले. शेवटी परमेश्वराने बोल लावला तो ईयोबाला नव्हे, त्या मित्रांना.

मग घरी करायचे काय? मोठे असे काहीच नाही. जेवायला बसताना ‘हे तरी खाऊन बघ’ असा आग्रह धरू नये. बाहेर निघताना कोणाला दोनदा शौचालयात जावे लागले, तर घड्याळाकडे पाहू नये. ठरलेला बेत आयत्या वेळी मोडला, तर त्याचा हिशेब मांडून ठेवू नये. सून असो, सासू असो, शाळकरी मुलगा असो, प्रत्येकाच्या सांगण्याला सारखेच वजन द्यावे; कारण घरात ज्याचा शब्द एरवीही हलका मानला जातो, त्याचे दुखणेही बहुधा हलकेच मानले जाते. आणि दुखणाऱ्यानेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ऐकणाऱ्याला ते जाणवत नाही हा त्याचा दोष नव्हे. त्याला शब्दांत सांगावे लागते, आणि सांगून झाल्यावर थोडा वेळ द्यावा लागतो.

वेदना वाटून घेता येत नाही. तसे करता आले असते, तर कितीतरी आयांनी आपल्या मुलांची दुखणी केव्हाच स्वतःकडे घेतली असती. वाटून घेता येते ते फक्त तिचे ओझे, आणि तेही ती आहे असे प्रथम मान्य केल्यावरच. म्हणून रिपोर्टात ‘काही नाही’ असे लिहून आले, तर त्या दिवशी घरी आल्यावर निदान एकाने तरी शेजारी बसून विचारावे, “आता दुखतंय का?” आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.